मास्तरांची कबुली

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. त्यांच्या दुकानात नवे कपडे शिवायला आता फारसं कुणी येत नसे; पण घट्ट झालेलं सैल करायला, सैल झालेलं आत घ्यायला आणि फाटलेलं कुणाला दिसू नये असं करून घ्यायला माणसं येतच राहत. मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनींच्या शेजारी आम्लपित्ताच्या गोळ्यांची पाकिटं असत. पायाशी बसून पँटच्या तळाला टाचण्या लावल्या आणि उठून उभे राहिले, की मास्तर छातीवर मूठ दाबत, ड्रॉवर उघडत आणि एक गोळी चावत. गिऱ्हाइकाला वाटे, खडूच खातायत.

हे तिशीपासून चाललेलं. आता मास्तर त्रेसष्टचे. छातीत जळजळ, आडवं झालं की घशाशी आंबट पाणी. यावर त्यांचा इलाज म्हणजे गोळी, आणि गोळीने नाही भागलं तर "वय झालं" हे वाक्य. हे वाक्य ते चाळिशीपासून वापरत होते.

त्यांना एक धाकटी बहीण होती. अकरा वर्षांनी धाकटी, म्हणून मास्तर तिला "बारकी" म्हणत; बाकी सगळा भाग तिला "सिस्टर" म्हणे, कारण ती चार गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात नर्स होती. तिने लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारणारे विचारून विचारून थकले होते. मास्तरांच्या समोरच्याच इमारतीत ती एकटी राहायची आणि दुपारचं जेवण दुकानाच्या वरच असलेल्या भावाच्या घरी जेवायची.

सिस्टरकडे दवाखान्यातलं एक खास काम होतं. दर गुरुवारी सकाळी ती अन्ननलिकेची चाचणी करायची. औषधाच्या मोठ्या गोळीएवढी कॅप्सूल, तिच्यात दाबून बसवलेला स्पंज आणि स्पंजाला बांधलेला बारीक दोरा. रुग्णाने उपाशीपोटी ती पाण्याबरोबर गिळायची, दोऱ्याचं टोक बाहेर ठेवायचं आणि सात मिनिटं शांत बसायचं. पोटात कॅप्सूलचं कवच विरघळतं, स्पंज फुलतो. मग सिस्टर दोरा धरून तो एका दमात वर ओढून घेई. येताना तो अन्ननलिकेच्या आतल्या पेशी पुसून आणतो. स्पंज बाटलीतल्या द्रावणात टाकायचा, बाटलीवर नाव लावायचं, बाटली प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे त्या पेशींत एक ठरावीक प्रथिन शोधतात. ते आतड्यातल्या पेशींत असतं, अन्ननलिकेत असायचं काही कारण नाही. तिथे सापडलं, तर समजायचं की वर्षानुवर्षं आम्ल सोसून अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदलायला लागलंय. हा बदल म्हणजे कॅन्सर नव्हे. पण अन्ननलिकेचा एक कॅन्सर याच वाटेने येतो, आणि इथेच गाठला तर त्याला अडवता येतं. कागदावर या खुणेला बायोमार्कर म्हणत. सिस्टर रुग्णांना सांगताना म्हणायची, "पेशींवर काही खूण उमटलीय का, तेवढं बघायचं."

शेकडो लोकांना तिने ती कॅप्सूल गिळायला लावली होती. घरातल्या माणसापुढे मात्र तिने हात टेकले होते.

"दादा, या गुरुवारी ये."

"या गुरुवारी त्या वकिलाचा कोट द्यायचाय."

"मागच्याही गुरुवारी वकिलाचाच कोट होता."

"वकील जाडा आहे, बारके. वेळ लागतो."

वहिनी हसायच्या आणि सिस्टरही हसायची. पण एका दुपारी जेवताना मास्तरांनी घास तोंडात घातला, गिळला आणि ते थांबले. हात ताटावर तसाच. डोळे समोरच्या भिंतीवर. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला, दोन घोट घेतले, मान जरा वर केली आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुढचा घास मोडला.

सिस्टरने हातातला घास खाली ठेवला. अशी वर केलेली मान तिने लहानपणी पाहिली होती. त्यांचे बाबाही असेच थांबायचे. "घास जरा मोठा झाला," म्हणायचे. पुढे घास लहान होत गेले, मग नुसतं पातळ आणि मग तेही उतरेना. त्या वेळी ती तेरा वर्षांची होती. तिला मावशीकडे पाठवलं होतं, आणि सगळं संपल्यावर परत आणलं होतं. मास्तर तेव्हा चोवीस वर्षांचे. बाबांजवळ तेच होते.

"गुरुवारी तू येणार," ती म्हणाली. "नाही आलास तर मी दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर तुझा घसा तपासेन."

या वेळी वहिनी हसल्या नाहीत. "जातील," त्या म्हणाल्या. "मी पाठवते."

गुरुवारी मास्तर आले. इस्त्रीचा शर्ट, वर स्वतः शिवलेला राखाडी कोट. जणू कॅप्सूल माप घ्यायला येणार होती. खुर्चीवर बसले, सही केली, सगळं नीट ऐकून घेतलं. मग सिस्टरने पाकीट फोडून कॅप्सूल दाखवली, तेव्हा त्यांनी कॅप्सूलकडे पाहिलंच नाही. चिमटीत दोरा धरला. उजेडात नेला. नखाने त्याचा पीळ पाहिला.

"हा दोरा?"

"हाच."

"या दोऱ्याने मी शर्टाचं बटणसुद्धा लावणार नाही."

"दादा, तो बटणं लावायला नाहीये."

"तुटला म्हणजे? आत राहिला म्हणजे? स्पंज फुगल्यावर वर येताना अडकला म्हणजे? चाळीस वर्षं दोरा ओढतोय मी, बारके. दोरा कुठे तुटतो, मला विचार. गाठीपाशी तुटतो. गाठ कुठेय यात? आत. दिसते का? नाही."

ते उठले. कोटाची बटणं लावू लागले. भीती दोऱ्याची नव्हती, हे सिस्टरला कळत होतं. पण माणूस ज्या गोष्टीला घाबरतो तिचं नाव घेत नाही. ज्या गोष्टीतलं त्याला कळतं तिच्यावर खापर फोडतो. हेही तिला याच खोलीत बसून कळलं होतं.

दाराशी डॉक्टरबाई उभ्या होत्या. वयाने सिस्टरपेक्षा लहान, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"सिस्टर, वडील तुमचेही तेच ना?"

"हो."

"वय बावन्न. मग तुमची चाचणी कधी झाली?"

"मला कुठे काय होतंय? कधी साधी ढेकर येत नाही."

"सकाळपासून काही खाल्लंय?"

सिस्टरने काही खाल्लं नव्हतं. भाऊ येतो की नाही या काळजीत चहासुद्धा राहिला होता. डॉक्टरबाईंनी टेबलावरून दुसरा फॉर्म ओढला आणि सिस्टरचं नाव लिहिलं. "आधी तुमची. बंधूंना बघू दे. नंतर त्यांना जायचं असेल तर जाऊ दे."

मास्तरांचा हात शेवटच्या बटणावर थांबला.

सिस्टरने कॅप्सूल जिभेवर ठेवली, पाणी प्यायली आणि गिळली. दुसऱ्यांना शंभर वेळा सांगितलेली गोष्ट स्वतः करताना निराळीच लागली. घशात क्षणभर काहीतरी अडलं, मग उतरलं. ओठांच्या कोपऱ्यातून दोरा लोंबत होता आणि समोर तिचा थोरला भाऊ कोट घालून उभा होता, टेबलावरच्या घड्याळाकडे डोळे लावून. सात मिनिटांत तो एकदाही बसला नाही. डॉक्टरबाईंनी दोरा ओढला तेव्हा सिस्टरला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि संपलं. स्पंज बाटलीत टाकून तिने स्वतःच स्वतःच्या नावाचं लेबल चिकटवलं.

"तुटला?" तिने विचारलं. आवाज जरा घोगरा झाला होता.

मास्तरांनी कोट काढून खुंटीला अडकवला. "आण ती तुझी कॅप्सूल."

त्यांची सात मिनिटं ते डोळे मिटून बसले. कपाळावर घाम आला होता. सिस्टरने दोरा ओढला, स्पंज बाहेर आला, आणि मास्तरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वाकून गाठ पाहिली. "दुहेरी आहे," ते म्हणाले. "मग ठीक आहे." डॉक्टरबाई हसून पुढच्या रुग्णाकडे गेल्या. सिस्टरने दुसऱ्या बाटलीला लेबल लावलं, दोन्ही बाटल्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि तोंडावर पाणी मारायला ती मोरीशी गेली. परत आली तेव्हा मास्तर कोट घालून तयार होते. बाटल्या प्रयोगशाळेच्या डब्यात ठेवून तिने डबा बंद केला.

निकाल यायला तीन आठवडे लागले. नेहमीप्रमाणे दहाबारा रिपोर्ट एकत्रच आले. तिने आधी दादाचा शोधला. खूण आढळली नाही. तिचा जीव भांड्यात पडला. खुर्चीत मागे टेकून ती मिनिटभर नुसती बसली. मग एकेक करून बाकीचे उघडले. सातवा तिचा स्वतःचा होता.

नाव वाचण्याआधी तिने निकाल वाचला. खूण आढळली. त्याखाली आणखी एक ओळ: त्याच पेशींची दुसरी तपासणीही ठीक नाही, काही पेशींची ठेवण बिघडलेली, दुर्बिणीने तपासणी लवकर करावी. तिच्या मनात नेहमीचं वाक्य तयार होऊ लागलं, बाईंना फोन करायचा, घाबरवायचं नाही, पण पुढच्याच आठवड्याची वेळ द्यायची. मग नजर वर गेली.

बाहेर कुणीतरी खोकत होतं. तिने रिपोर्टचा गठ्ठा जुळवला, कडा टेबलावर आपटून सरळ केल्या, आणि बाहेर खोकणाऱ्या माणसाला आत बोलावून त्याचं रक्त काढलं. शीर पहिल्याच खेपेला सापडली.

दुपारी ती दुकानात गेली. मास्तर एका स्कर्टची शिवण उसवत होते.

"तुझा चांगला आलाय. काही नाही."

"म्हटलं नव्हतं?" मास्तरांचा चेहरा उजळला. "उगाच माझा गुरुवार घालवलास."

"माझ्यात आहे."

मास्तरांनी वर पाहिलं. "काय आहे?"

तिने सांगितलं. रुग्णांना सांगायची तसंच, शांतपणे, क्रमाने. तिचं बोलणं संपेपर्यंत मास्तरांच्या हातात सुई तशीच होती.

"चुकलंय त्यांचं," ते म्हणाले. "जळतंय कुणाचं? माझं. घास अडकतो कुणाचा? माझा. तुला साधी ढेकर येत नाही, हे तूच सांगितलंस."

"काही लोकांना काही होतच नाही, दादा. पेशींची जाण मेली की जळजळ कमीसुद्धा होते. माझं काय झालं, कुणास ठाऊक."

"चुकलंय," मास्तर पुन्हा म्हणाले आणि त्यांनी मान खाली घालून शिवण उसवायला घेतली. सिस्टर वर वहिनींकडे जेवायला गेली. मास्तर काही त्या दिवशी वर आले नाहीत.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुमचे बंधू आले होते सकाळी. कबुली द्यायला."

"कसली?"

"म्हणाले, तुम्ही तोंड धुवायला गेलात तेव्हा त्यांनी दोन्ही बाटल्यांची लेबलं बदलली. स्वतःचा निकाल वाईट येईल याची भीती होती, म्हणून. आता पश्चात्ताप होतोय. खूण सापडली ती त्यांच्या बाटलीत, तुमच्या नाही."

सिस्टर म्हणाली, "खोटं आहे ते."

"मलाही तसंच वाटतं. तुम्ही बाटल्या सोडून गेला होतात?"

सिस्टरने मनात हिशेब केला. दोन मिनिटं. फार तर तीन. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आणि मास्तर जुनी शिवण अशी काढतात की कापडालासुद्धा कळत नाही. त्यांना एखादं लेबल सोडवून दुसरीकडे लावणं काय अवघड?

"गेले होते," ती म्हणाली. इतक्या वर्षांत अशी चूक तिने कधी केली नव्हती. त्या दिवशी समोर भाऊ होता म्हणून झाली.

डॉक्टरबाईंनी तिला बोल लावला नाही. फक्त म्हणाल्या, "मग मला आता कुठलाच निकाल धरता येत नाही. दोघांची चाचणी पुन्हा, किंवा दोघांची दुर्बीण. आणि ज्याला खरंच आहे, त्याचे दिवस जाणार."

सिस्टरने प्रयोगशाळेला फोन लावला. तिथले तज्ज्ञ म्हणजे आवाजावरून साठीचे वाटणारे एक गृहस्थ. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण बारा वर्षं फोनवर ओळख होती. तिने घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"एक भाऊ आणि एक बहीण, बरोबर? मग सोपं आहे. उरलेला नमुना आहे माझ्याकडे. पेशी पुरुषाच्या की बाईच्या, ते गुणसूत्रं पाहून सांगता येतं. चार दिवस द्या."

ते चार दिवस सिस्टरने कामात घालवले. दुपारी ती भावाकडे जेवायला गेली नाही. दवाखान्यातच डबा उघडला. आणि त्या चार दिवसांत तिला एक गोष्ट कळली, जी तिने स्वतःशीही उच्चारली नाही. दादा खरं बोलत असावा, असं तिला वाटत होतं. पहाटे जाग आली की पहिला विचार तोच यायचा: त्याने लेबलं बदलली असतीलच. नक्कीच बदलली असतील. घाबरट आहे तो. आणि मग ती उठून बसायची, कारण या विचाराचा अर्थ काय होतो हे तिला लगेच कळायचं.

चौथ्या दिवशी फोन आला.

"खूण असलेल्या पेशी बाईच्या आहेत, सिस्टर," तज्ज्ञ म्हणाले. "दुसऱ्या बाटलीतल्या पुरुषाच्या. लेबलं जिथल्या तिथे आहेत. तुमच्या बंधूंना सांगा, खोटं बोलायचं असेल तर आधी पेशींना पढवावं लागतं." मग त्यांचा आवाज बदलला. "मला वाईट वाटतं. पण लवकर सापडलंय. हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाही."

ती तशीच दुकानात गेली. मास्तर एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "उद्या या." गिऱ्हाईक गेल्यावर सिस्टरने दार लोटलं.

"का केलंस?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली.

"तुझ्या त्या कबुलीवर बाईंनी विश्वास ठेवला असता तर माझा रिपोर्ट रद्द झाला असता. तुला दुर्बीण घातली असती. मी घरी बसले असते, मला काही नाही म्हणून. वर्षभर. दोन वर्षं. बाबांसारखा घास अडकेपर्यंत. कळतंय का तुला?"

"मला वाटलं..." त्यांनी टेबलावरचा खडू उचलला, परत ठेवला. "मला वाटलं, खरंच माझं असेल. बदललं मी नसेन, पण त्यांच्याकडे कुठेतरी बदललं असेल. मी असं सांगितलं की ते पुन्हा बघतील, आणि मग माझं निघेल."

"आणि नसतं निघालं तर?"

"निघणारच होतं. तुझं कसं असेल? तू तर..." ते थांबले. "तुला मी मावशीकडे पाठवलं होतं."

सिस्टर गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

"तुला पाठवायचं मी ठरवलं," मास्तर म्हणाले. "आईला नको होतं. मी म्हटलं, पोर बघेल, तिच्या मनात राहील. बाबा रोज विचारायचे, बारकी कुठेय. शाळेतल्या परीक्षा आहेत म्हणून सांगायचो. सहा महिने परीक्षा चालू होत्या तुझ्या. शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं, तर पाटीवर लिहायचे. पास झाली का, असं लिहिलं होतं एकदा."

हे तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं," मास्तर म्हणाले, "तेवढं एक तरी नीट केलं. तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही."

सिस्टरचा राग कुठे गेला नव्हता, पण आता तो एकटा उरला नव्हता. ती म्हणाली, "दादा, तेव्हाही मला कुणी विचारलं नाही, आणि आत्ताही तू मला विचारलं नाहीस. मी बावन्न वर्षांची आहे. दुसऱ्यांना वाईट बातमी सांगणं हे माझं काम आहे. आणि ऐक, चार दिवस मला काय वाटत होतं, सांगू? मला वाटत होतं, तू खरं बोलत असावास. म्हणजे ते तुला असावं. कळलं? असं वाटून घ्यायची पाळी आणलीस तू माझ्यावर."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. उलट काहीतरी सैल झालं होतं.

"मग भांडण कसलं?" ते म्हणाले. "मलाही तेच वाटत होतं."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदमच आलं, त्यामुळे ठसका लागला. मास्तर घाबरून पाणी आणायला धावले. पेला घेऊन आले तेव्हा मागोमाग वहिनी जिन्यावरून खाली आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही.

"वन्सं, दुर्बीण कधी आहे?"

"सोमवारी."

"मी येते बरोबर. यांना नको. हे तिथे जाऊन म्हणतील, पोट माझं आहे."

सोमवारी दुर्बीण झाली. अन्ननलिकेच्या तळाशी तीन बोटं रुंदीचा पट्टा निघाला. बाकी अस्तर फिकट गुलाबी, मोत्यासारखं. हा पट्टा लालसर, मखमली. पट्ट्यात एका जागी मुगाएवढा उंचवटा होता. डॉक्टरांनी तिथून आणि आजूबाजूने तुकडे घेतले. आठवड्याने उत्तर आलं: पेशी कॅन्सरच्या वाटेला लागलेल्या, बऱ्याच पुढे गेलेल्या, पण अजून अस्तराच्या वरच्या थरातच. खाली उतरलेल्या नाहीत. पोट उघडायची गरज नाही. दुर्बिणीतूनच तो उंचवटा कापून काढायचा आणि राहिलेला पट्टा उष्णतेने जाळायचा, दोन-तीन वेळा करून. जळलेल्या जागी पुन्हा चांगलं अस्तर येतं.

मास्तरांना हे सिस्टरनेच समजावून सांगितलं. त्यांनी ते एकाग्रतेने ऐकलं. आजाराबद्दल काही ऐकताना त्यांनी कानाडोळा केला नाही, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

"म्हणजे अस्तर खराब झालंय," ते म्हणाले. "वरचं कापड चांगलं आहे."

"तसंच म्हण."

"मग एवढंच तर आहे. अस्तर बदलता येतं."

दुकानात त्या दिवसापासून थोडा बदल झाला. डॉक्टरबाईंनी मास्तरांना बजावलं होतं की खूण नाही म्हणजे आजार नाही असं नव्हे. घास का अडकतो ते बघायला त्यांचीही दुर्बीण हवी. झाली. आम्लाने सूज आली होती, बाकी काही नाही. चावायच्या गोळ्यांऐवजी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी मिळाली, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे आले, आणि जेवून लगेच आडवं व्हायला बंदी झाली. ही बंदी वहिनींनी मोठ्या उत्साहाने अमलात आणली.

सिस्टरचे तीन उपचार सात महिन्यांत झाले. पहिल्यानंतर आठवडाभर पाणी गिळतानाही तिला कापल्यासारखं दुखे. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, मग एका दुपारी जेवणाच्या ताटावरून उठून तिने दादाला सांगितलं, "खूप दुखतंय." मास्तर म्हणाले, "बस इथे," आणि ते जवळ बसून राहिले. त्यांनी काही उपाय सुचवला नाही, हे तिला बरं वाटलं. मास्तर मात्र त्या काळात तिच्या प्रत्येक घासाकडे बघत. ती घास उचले, की त्यांचे डोळे तिच्या गळ्याशी. वहिनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबत. त्याचा उपयोग होत नसे.

गुरुवारच्या चाचण्या तिने बंद केल्या नाहीत. बाटली नजरेआड करायची नाही, हा नियम तिने स्वतः लिहून खोलीत लावला, आणि का लावला हे नव्या नर्सला सगळं खरं सांगितलं. रुग्णांशी बोलतानाही थोडा फरक पडला. पूर्वी कुणी "मला काही त्रास नाही, मग कशाला?" असं म्हटलं, की ती माहितीपत्रक पुढे सरकवायची. आता ती खुर्ची ओढून समोर बसते. "मलाही नव्हता," म्हणते. पुढचं समोरचा माणूस विचारतो.

वर्षाने पुन्हा दुर्बीण झाली. या वेळी तिने मास्तरांना बरोबर नेलं आणि डॉक्टरांच्या खोलीतही आत बसवलं. डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. तळापर्यंत फिकट गुलाबी. कुठे पट्टा नाही, उंचवटा नाही. तुकडे घेतले होते, त्यांचा निकाल आठवड्याने येणार होता. तो आला, आणि तोही स्वच्छ आला. पुढची तपासणी सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग वर्षावर्षाने. कायमची सुटका कुणी कबूल केली नाही, आणि तिने मागितलीही नाही.

पण त्या दिवशी, निकाल यायच्या आधीच, दोघं दवाखान्याबाहेर पडली तेव्हा दुपार झाली होती आणि दोघांच्याही पोटात काही नव्हतं. मास्तरही सोबत म्हणून उपाशी राहिले होते, कुणी सांगितलं नसताना. कोपऱ्यावर एक खानावळ होती. आतली टेबलं ओलसर फडक्याने नुकतीच पुसलेली. सिस्टरच्या घशाला अजून औषधाने बधिरपणा होता, म्हणून ती जरा थांबली; मग तिने पावाचा तुकडा मोडला, सूपमध्ये बुडवला आणि तोंडात घातला.

मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. फुटपाथवरून एक गृहस्थ चालला होता, अंगात सूट.

"बघ, बारके," ते म्हणाले, "बाही दीड बोट लांब आहे. कुणी शिवला असेल?"

ती घास गिळून बोलली, "जाऊन विचार की."

"विचारू?" मास्तर खुर्चीतून खरोखरच अर्धे उठले, आणि तिने हात धरून त्यांना खाली बसवलं.